अध्यक्षकाकांची हद्दपारी

आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना सगळे अध्यक्षकाका म्हणायचे. अमेरिकेत, मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावात नुसतं काका म्हटलं तर पंधरा-वीस जण वळून बघतात, आणि नुसतं अध्यक्ष म्हटलेलं त्यांना कोरडं वाटायचं. चौदा वर्षं ते त्या खुर्चीवर होते. त्यातली दहा मी स्वतः पाहिली आणि सहा त्यांची सचिव म्हणून काढली. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यात मी बिचारी आहे असं कोणी समजू नये.

राज्य कसलं, तर गणपती, दिवाळी, संक्रांत आणि उन्हाळ्यातली पिकनिक. पण गणपतीची मूर्ती त्यांच्या बेसमेंटमध्ये असायची. आमच्याकडे दर वर्षी तीच मूर्ती. विसर्जनाला सुपारी बादलीत बुडवायची आणि बाप्पांना पुन्हा थर्माकोलच्या खोक्यात ठेवायचं. साउंड सिस्टिम त्यांच्या गॅरेजमध्ये आणि शाळेच्या हॉलचं बुकिंग त्यांच्या सहीने. देव, माइक आणि हॉल एकाच माणसाकडे असल्यावर विरोधी पक्ष उभा राहणार कुठे, हा प्रश्नच होता.

गुलाबजाम ते स्वतः वाढायचे, माणशी दोन. एकदा एका डॉक्टरांनी तिसरा मागितला, तर "तुम्ही डॉक्टर असून?" एवढंच म्हणाले आणि पुढच्या ताटाकडे वळले. इथे जन्मलेल्या प्रत्येक मुलाने माइकवर मराठीतून ओळख करून द्यायची, हाही त्यांचाच नियम. माझी मुलगी दर वर्षी, इयत्ता तेवढी बदलून, गाडीत बसल्यापासून घोकायची, "मी चौथीत आहे. मला पोहायला आवडतं." तिला पोहणं अजिबात आवडत नाही. पण तिच्याकडे तेवढंच एक क्रियापद होतं, आणि ते तिने तीन वर्षं पुरवलं. मुलांच्या ओळखी झाल्या की काकांचं भाषण, आणि भाषण संपल्याशिवाय जेवण नाही.

हे सगळं सांगताना एक गोष्ट लपवली तर ती लबाडी होईल. आम्ही इथे आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात नवरा कंपनीच्या कामासाठी मेक्सिकोला गेला होता, मुलगी आठ महिन्यांची होती आणि माझी गाडी ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फात रुतली होती. मी कोणाला तरी फोन केला, त्यांनी कोणाला तरी केला, आणि अर्ध्या तासात एक अनोळखी गृहस्थ फावडं आणि मांजराच्या शौचाची वाळू घेऊन दारात हजर. ती वाळू चाकाखाली टाकली की चाक सरकत नाही, हे मला तेव्हा कळलं. गाडी त्यांनी दहा मिनिटांत काढली आणि त्यानंतर चाळीस मिनिटं, मिशिगनमध्ये गाडी कशी चालवावी, यावर भाषण दिलं. मी बाळाला कडेवर घेऊन ते सगळं ऐकलं. त्या दिवसापासून ते घरचे झाले. काकूंच्या हातचा मेतकूट-भात खाऊन माझी मुलगी मोठी झाली.

आता त्यांच्या पडण्याची गोष्ट. त्या वर्षी दिवाळीचा कार्यक्रम नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी होता. हॉल चारपर्यंत आपला, हे बुकिंगच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, आणि तो कागद माझ्याच पर्समध्ये होता. तीनला काका भाषणाला उभे राहिले. साडेतीनला मी त्यांना चिठ्ठी पाठवली. ती त्यांनी वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि मराठी संस्कृतीच्या भवितव्याकडे वळले. चार वाजता शाळेच्या माणसाने फार नम्रपणे सॉरी म्हणत दिवे बंद केले.

मग आम्ही जेवलो पार्किंग लॉटमध्ये. पैठण्यांवर डाउन जॅकेटं चढवून, गाड्यांच्या बॉनेटवर ताटल्या ठेवून. पुऱ्या वाढताना फुगलेल्या होत्या आणि तोंडाशी नेईपर्यंत त्यांचं पुठ्ठ्यात रूपांतर झालेलं असायचं. मग बर्फ भुरभुरायला लागला. श्रीखंडाला त्याचा काही त्रास झाला नाही. माझी आई पहिल्यांदाच अमेरिकेत आली होती. तिची इथली ही एकच दिवाळी, आणि ती चपलांमध्ये मोजे घालून माझ्या गाडीला टेकून उभी होती. मला इतका राग आला, की ताटली मी बॉनेटवरच ठेवून दिली. आई मात्र साताऱ्याला परत गेल्यावर पुढे वर्षभर ज्याला त्याला सांगत होती, की अमेरिकेत दिवाळी बर्फात उभं राहून जेवतात, फार मजा येते. पण त्या वेळी मी तिच्या पायांकडे बघितलं आणि ठरवलं, आता बास.

बंड पुकारायला मराठी माणसाला काय लागतं, तर एक व्हॉट्सॲप ग्रुप. त्याला 'पिकनिक प्लॅनिंग' असं नाव दिलं, म्हणजे कोणाच्या फोनवर दिसलं तरी संशय नको. त्यात काका-काकू सोडून सगळे होते. डिसेंबरभर तिथे जे लिहिलं गेलं ते वाचून एखाद्याला वाटलं असतं, आता रक्तपातच होणार. ठरलं असं, की जानेवारीतल्या वार्षिक सभेत सगळ्यांनी हात वर करायचा.

आमच्या मतदानाची रीत इथे सांगितली पाहिजे, कारण ती बाहेरच्याला खरी वाटत नाही. काकांचं म्हणणं असं, की कोणी कोणाच्या विरोधात हात वर केला हे दिसलं की घरं दुरावतात. एवढ्या परक्या मुलखात आपण मोजकी घरं, त्यात कशाला वाईटपणा. म्हणून मतदानाच्या वेळी सगळ्यांनी डोळे मिटायचे. "मी आता थांबावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा," असं ते म्हणायचे. स्वतःचे डोळे अर्थात उघडे, कारण कोणीतरी मोजायला हवं. मग म्हणायचे, "उघडा. एकही नाही." आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. ऑफिसमध्ये ऑडिटरना धारेवर धरणारी माणसं चौदा वर्षं असं डोळे मिटून बसली आणि यात काही विचित्र आहे असं कोणालाही वाटलं नाही. मलाही नाही. तोंडावर नको म्हणायची वेळ टळते आहे ना, मग झालं.

सभा गावातल्या लायब्ररीच्या खोलीत होती. बेचाळीस जण आले होते. काकांनी हिशेब-अहवाल उरकले आणि खुर्चीतून उठून उभे राहिले. "माझ्या कानावर काही आलंय," ते म्हणाले. "त्यामुळे नेहमीचं विचारतो. डोळे मिटा."

मी मिटले. शेजारी नवरा होता, त्याच्या जॅकेटची सळसळ ऐकू आली. काकांनी प्रश्न विचारला. चाकाखालची वाळू आठवली, आईचे पाय आठवले, आणि मी हात वर केला. किती वेळ गेला कोण जाणे. हीटर चालू-बंद झालेला ऐकू आला. मग काका म्हणाले, "उघडा डोळे. कळलं मला. मी थांबतो."

किती हात होते, हे कोणीही विचारलं नाही. हरलेल्या माणसाला आकडा काय विचारायचा. काकांनी गॅरेजची किल्ली टेबलावर ठेवली, काकूंनी उरलेल्या तिळाच्या वड्या डब्यात भरल्या आणि दोघं निघून गेले. गाडीत बसल्यावर मी नवऱ्याला विचारलं, "केलास ना हात वर?"

"म्हणजे काय," तो म्हणाला.

एप्रिलमध्ये त्यांनी घर विकलं आणि ते टेक्ससला, फ्रिस्कोला मुलाकडे राहायला गेले. लोक त्याला हद्दपारी म्हणायला लागले. खरं तर कोणी कोणाला हाकललं नव्हतं आणि फ्रिस्कोमध्ये मराठी माणसं आमच्यापेक्षा जास्तच आहेत. पण आपण एखाद्याला घालवून दिलं, यात एक पराक्रम असतो, तो सोडवत नाही. मी त्यांना फोन केला नाही. त्यांचे डोळे उघडे होते. त्यांनी माझा हात पाहिला होता. फोनवर मी काय बोलणार होते?

सुरुवातीचे दिवस खरंच छान गेले. सगळ्यांना हलकं वाटत होतं. आता एकाच्या हातात काही द्यायचं नाही, म्हणून पाच जणांची समिती केली आणि अध्यक्षपद रद्द केलं. प्रत्येक गोष्टीवर पोल घ्यायचा. पिकनिकला मिसळ की पावभाजी यावर तीन पोल झाले आणि शेवटी पिझ्झा मागवला. गणपतीची मूर्ती कोणाच्या घरी ठेवायची यावर सात जणांनी उत्साह दाखवला आणि खोक्याचं माप कळल्यावर सातही मागे हटले. बाप्पा सहा महिने माझ्या लॉंड्री रूममध्ये वॉशिंग मशीनशेजारी राहिले. आरतीला प्रत्येकाला आपापली चाल वापरायची मुभा होती. पुण्याचे पुढे निघून गेले, नागपूरचे ठाय लयीत मागे राहिले आणि मुंबईचे फोनवर शूटिंग करत होते. गुलाबजाम तिसऱ्या रांगेला संपले. डॉक्टरांच्या ताटात सहा होते, मी स्वतः पाहिले.

माझ्या मुलीने एक दिवस गाडीत विचारलं, "मॉम, सो हू आर वी मॅड ॲट नाऊ?" मी रेडिओ लावला.

आणि मग एक नवीनच प्रकार सुरू झाला. इंडियन ग्रोसरीत मेथीच्या जुड्या निवडताना एक काकू जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "खरं सांगू? मी नव्हता हं हात वर केला." मी म्हटलं, असेल. पुढच्या आठवड्यात पार्किंगमध्ये एक गृहस्थ म्हणाले, "यार, मी लास्ट मोमेंटला नाही केला. वाटलं, बाकीचे करतायत तर आपण कशाला." मग डॉक्टर. मग 'पिकनिक प्लॅनिंग' ग्रुपचा ॲडमिन, ज्याने डिसेंबरात 'आता आरपार' असं लिहिलं होतं. दिवाळीपर्यंत सभेला आलेले जवळपास सगळे येऊन मला हेच सांगून गेले. मला संताप आला. पाडायच्या वेळी पाडायचं आणि नंतर प्रत्येकाने नामानिराळं राहायचं, ही कसली माणसं? माझा नवरा तेवढा एक मर्द, असं मी त्याला म्हटलंही. त्या दिवशी त्याने न सांगता भांडी घासली.

वर्षभराने समितीतले चौघं कंटाळून बाहेर पडले आणि मी उरले. मग जानेवारीत अध्यक्षपद परत आणलं आणि ते माझ्या गळ्यात मारलं. महिन्याभरात मी हात टेकले. फेब्रुवारीत ग्रुपवर एकाने लिहिलं, 'काकांना परत बोलवावं का?' आणि पहिल्यांदाच एका पोलला सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. मार्चमध्ये मला ऑफिसच्या कामासाठी डॅलसला, म्हणजे फ्रिस्कोच्या अगदी जवळ, जायचं होतं. मी गाड्यांच्या सीट तपासते, तिथे आमचा एक सप्लायर आहे. झालं, सगळे म्हणाले, तूच जा आणि घेऊन ये. माझी खरी अडचण कोणालाच माहीत नव्हती. ज्याच्याविरुद्ध मी हात वर केला आणि ज्याने तो पाहिला, त्या माणसाच्या दारात जाऊन मला म्हणायचं होतं की परत या.

फ्रिस्कोला काकूंनी दार उघडलं आणि मला जवळ घेतलं. बरंच घट्ट घेतलं. "ते हॉलवर गेलेत. पाडव्याचा कार्यक्रम आहे. चल, मीही निघालेच आहे," म्हणाल्या. गाडीत त्यांनी सांगितलं, की आता कार्यक्रमात ते दोघं शेजारी बसून जेवतात. चौदा वर्षांत एकदाही जेवले नव्हते. "तू त्यांना न्यायला आली असशील तर ते तुझं तू बघ," त्या म्हणाल्या. "मी येणार नाही."

हॉलमध्ये काका व्हॉलंटियरचा पिवळा टी-शर्ट घालून खुर्च्या लावत होते. टॅबलेट हातात घेतलेली, पंचविशीतली एक मुलगी त्यांना म्हणाली, "काका, ही रो जरा स्ट्रेट करा ना, प्लीज." काकांनी रांग सरळ केली. मला ते बघवेना. मग त्यांनी मला पाहिलं, हात पुसले आणि म्हणाले, "आलीस? बस. आधी माझी ड्युटी बघ."

ड्युटी म्हणजे अशी. तिथे भाषणाला दोन मिनिटं मिळतात, आणि वेळ संपली की घंटा वाजते. ती घंटा काकांकडे होती. त्यांच्या देवघरातलीच पितळी घंटा. मंडळाचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले, मराठी संस्कृतीच्या भवितव्यापर्यंत पोहोचले, आणि काकांनी वाजवली. अध्यक्ष म्हणाले, "फक्त एक शेवटचा मुद्दा." काकांनी पुन्हा वाजवली, आणि अध्यक्ष बसेपर्यंत थांबले नाहीत. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर गुलाबजाम वाढतानाही पाहिला नव्हता.

जेवणाआधी आम्ही कडेच्या दोन खुर्च्यांवर बसलो. त्यांनी एकेका घराची चौकशी केली. मी आमचा सगळा गोंधळ सांगितला, पोलचा निकाल सांगितला, आणि म्हटलं, "काका, परत या. सगळ्यांचं म्हणणं आहे."

"नाही गं," ते म्हणाले. "इथे बरं चाललंय."

आता बोलले नाही तर कधीच बोलता येणार नाही, असं वाटलं. मी म्हटलं, "काका, त्या सभेत मी हात वर केला होता."

"माहितीये. माझे डोळे उघडे होते."

"मला फार वाईट वाटतं त्याचं. राग होता म्हणून केला. पण मी एकटीच नव्हते ना, सगळ्यांनीच…"

"एकटीच होतीस," काका म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग एकदम मेथीच्या जुड्या निवडणाऱ्या काकू आठवल्या, पार्किंगमधले गृहस्थ आठवले, डॉक्टर आठवले, आणि त्या सगळ्यांना मी मनातल्या मनात दिलेल्या शिव्या आठवल्या. सगळी खरं बोलत होती.

"एकटी कशी? माझा नवरा शेजारी होता."

"त्याचे दोन्ही हात जॅकेटच्या खिशात होते," काका म्हणाले.

मला हसू यायला लागलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मी विचारलं, "मग तुम्ही थांबलात कशाला? एका हाताने कोणी जातं का? 'एकच आहे' म्हणायचं. तेही म्हणायला नको होतं, बघत कोण होतं?"

काका घंटेशी चाळा करत होते. "चौदा वर्षं मी ते बघत आलो," ते म्हणाले. "मिटलेले डोळे आणि मांडीवरचे हात. मला वाटायचं, केवढं प्रेम आहे लोकांचं. त्या दिवशी तुझा हात वर आला, आणि डोळे तू इतके घट्ट मिटले होतेस, की लहान मुलं इंजेक्शनच्या वेळी मिटतात ना, तसे. मग मी बाकीच्यांकडे बघितलं. त्यांचेही तसेच. म्हटलं, अरे, ही माणसं मला घाबरतात. तू सोडून सगळीच. घाबरलेल्या माणसांना गुलाबजाम वाढण्यात काय मजा आहे?"

मी त्यांचा हात धरला. मला त्यांची माफी मागायची होती आणि ती मागायची जागाच उरली नव्हती. ते म्हणाले, "तिकडे कोणाला सांगू नकोस. प्रत्येकाला वाटतंय ना, बाकीच्यांनी केला? वाटू दे. त्या भरवशावर पुढच्या वेळी एखादा खरंच करेल."

तेवढ्यात ती टॅबलेटवाली मुलगी आली आणि म्हणाली, "काका, नेक्स्ट स्पीकर." काका उठून गेले.

मी त्यांचं ऐकलं नाही, हे उघडच आहे, नाहीतर हे लिहिलं नसतं. पण नोव्हायमध्ये मराठी लेख शेवटपर्यंत वाचणारे फारसे नाहीत, त्यामुळे धोका कमी आहे. ग्रुपवर मी फक्त लिहिलं, 'नाही म्हणाले.' त्यावर एकोणतीस जणांनी रडका चेहरा पाठवला. नवऱ्याला मी काही बोलले नाही. त्याने विचारलं, "काका काय म्हणाले?" मी म्हटलं, "तुझी आठवण काढत होते." तो जॅकेट काढून खुंटीला लावायला गेला.

पुढच्या जानेवारीत सभा त्याच खोलीत होती. मी वर्षभर अध्यक्ष होते, आणि काय सांगू, मला ते आवडायला लागलं होतं. मूर्ती माझ्याकडे होती, हॉलचं बुकिंग माझ्या सहीने होत होतं, आणि दिवाळीला मी अठरा मिनिटं बोलले होते. फार झाली नाहीत ना, असं मी नंतर दोघा-तिघांना विचारलं, ते म्हणाले, छे छे, उलट कमीच. सभेत अहवाल झाले आणि मी उभी राहिले. काही जणांनी सवयीने डोळे मिटले.

"उघडे ठेवा," मी म्हटलं. "मी आता थांबावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

कोणी हलेना. एकमेकांकडे बघून सगळे कसनुसे हसत होते. मला वाटलं, चला, एकही नाही, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. तेवढ्यात पहिल्या रांगेत माझ्या नवऱ्याने खिशातून हात काढला आणि वर केला. तो पार लाल झाला होता आणि सरळ माझ्याकडे बघत होता. मला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच्याबद्दल तितकंच प्रेमही वाटलं. मग मागे डॉक्टरांनी केला. मग आणखी दोघांनी केला. मी मोठ्याने मोजायला सुरुवात केली.